अमरावती ते गोरेगाव: आईच्या वहीसोबत सहा दिवस

आई केबीसी नुसतं बघत नाही, ती खेळते. २००० साली ३ जुलैला पहिला भाग लागला तेव्हा आमच्या घरी केबल नव्हतं, शेजारच्या काकूंकडे जाऊन आम्ही सगळे फरशीवर बसून बघायचो आणि आई दाराशी उभी राहून पर्याय यायच्या आधीच उत्तर पुटपुटायची. तेव्हापासून ती एक वही ठेवते. जे उत्तर आलं नाही ते वहीत. पेपरमध्ये काही नवीन वाचलं की वहीत. आता अशा नऊ वह्या झाल्यात. आई सातवीपर्यंत शिकलेली, माहेर अंजनगाव सुर्जी, आणि पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर तिने लिहिलंय, "सुर्जी-अंजनगावचा तह, ३० डिसेंबर १८०३, शिंदे आणि इंग्रज." आपल्या गावापासून सुरुवात केली तिने.

२०१९ ला बबिता ताडे एक करोड जिंकल्या तेव्हा तर घरात दिवाळीच. त्या अंजनगाव सुर्जीच्याच, शाळेत पोरांची खिचडी शिजवायच्या, महिन्याला पंधराशे रुपये मिळायचे. आई त्या रात्री जेवली नाही नीट, नुसती म्हणत होती, "माह्या माहेरची बाई हाय थे." त्यानंतर तिने एकदा मला सांगितलं, "मले काई बक्षीस नाई पाह्यजे, फक्त थो सेट एकदा डोयानं पाहाचा हाय."

एवढंच तिने मागितलं होतं. मागच्या वर्षी माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीच्या भावाने, तो टीव्हीच्याच लाइनमध्ये काम करतो, प्रेक्षकांचे चार पास मिळवून दिले. तारीख गुरुवारची. मग मी आणि धाकट्या भावाने ठरवलं की रेल्वेने जाऊन परत यायचं नाही, गाडीने जायचं आणि आईच्या वहीतली जी ठिकाणं रस्त्यात लागतात ती तिला दाखवत दाखवत न्यायचं. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला शेवटच्या टप्प्यासकट पूर्ण सुरू झालाय त्यामुळे जमण्यासारखं होतं. सप्टेंबरचा शेवट होता, पाऊस अधूनमधून.

दिवस पहिला, सोमवार: अमरावती ते लोणार

सोमवारी निघायचं कारण म्हणजे वेरूळ मंगळवारी बंद असतं, तर ते बुधवारी येईल असं गणित केलं. ज्यांना हा रूट करायचा असेल त्यांनी हे लक्षात ठेवा, अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते, ३१ वर्षं नोकरी केली. त्यांनी आदल्या दिवशी संध्याकाळी स्वतः चारही टायर हाताने चाचपून पाहिले, हवा चेक करून आणली, स्टेपनी काढून बघितली. समृद्धीवर हे खरंच महत्त्वाचं आहे, सिमेंटचा रस्ता, सलग वेग, टायर तापतात, आणि जुन्या टायरला ते झेपत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे रस्ता इतका सरळ की डोळे उघडे असतात पण डोकं झोपतं. म्हणून भावाने आणि मी नियमच केला की दर शंभर किलोमीटरला चालवणारा बदलायचा, झोप येवो न येवो.

पहाटे साडेपाचला निघालो. डिक्कीत सांभारवडी, पोळ्या, शेंगदाण्याची चटणी, एक मोठा पाण्याचा कॅन, आणि आईच्या मांडीवर नववी वही. नांदगाव खंडेश्वरकडून समृद्धीवर चढलो. दुचाकी नाही, रिक्षा नाही, बैलगाडी नाही, मधेच आडवं येणारं कोणी नाही. कारला १२० ची मर्यादा आहे पण आम्ही शंभरच्या आतच होतो कारण बाबा पुढच्या सीटवर बसून काट्याकडे बघत होते.

कारंजा लाडला उतरून गुरुमंदिरात दर्शन घेतलं, नृसिंह सरस्वतींचं हे जन्मस्थान. आईला इथे यायचंच होतं. या पट्ट्यात काळविटांचं अभयारण्य आहे, आणि प्राण्यांना ओलांडता यावं म्हणून महामार्गाखालून आणि वरून वाटा बांधल्यात. एका पुलावर माती टाकून गवत वाढवलंय आणि खालून आपली गाडी जाते. भाऊ म्हणाला हरणांसाठी पूल, बाबा म्हणाले बरं केलं, रात्री हेडलाइटमध्ये हरीण थिजून उभं राहतं, पळत नाही, मी पाहिलंय. एवढंच बोलून ते परत गप्प.

मेहकरला उतरून लोणारला पोचायला अकरा वाजले. मी आजवर फोटोच पाहिले होते. काठावर उभं राहिल्यावर पहिल्यांदा कळतं की हा खड्डा आहे, तलाव नंतर. जवळजवळ १.८ किलोमीटर व्यास, दीडशे मीटरच्या आसपास खोल, आणि आत सगळीकडून जंगल उतरत गेलंय आणि मधोमध हिरवट पाणी. आईने वही उघडली, तिच्यात लिहिलं होतं, "लोणार, उल्का पडून, बेसॉल्ट खडकात." आमचा अख्खा दख्खनच बेसॉल्टचा, त्यामुळे आपल्याला काही वाटत नाही, पण पृथ्वीवर बेसॉल्टमध्ये उल्का आदळून झालेली आणि इतकी नीट टिकलेली विवरं फार थोडी आहेत, म्हणून जगभरातून लोक इथे अभ्यासाला येतात. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं ते आठवत असेल, खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे, आणि त्याच वर्षी याला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, जागा मिळाली.

आईचे गुडघे दुखतात म्हणून ती खाली तळ्यापर्यंत उतरली नाही, धारेवर बसली. गोमुखातून बारा महिने गोडं पाणी पडतं आणि खाली तळ्यात मात्र खारं पाणी. मी आणि भाऊ कमळजा देवीच्या देवळापर्यंत जाऊन आलो, वाटेत मोर दिसला, परत वर यायला मात्र दम लागला. संध्याकाळी गावातल्या दैत्यसूदन मंदिरात गेलो. गाभाऱ्यात अंधार, तिथल्या एका काकांनी बॅटरी मारून छतावरचं कोरीवकाम दाखवलं. विष्णूने लवणासुराला मारलं आणि त्याच्या बिळाचा हा खड्डा, अशी गोष्ट. आई म्हणाली, "म्हंजे वरून काईतरी येऊन पडलं हे लोकायले आधीपासूनच मालूम होतं." मी त्यावर बराच वेळ विचार करत बसले, कारण दोन्ही गोष्टींत वरूनच कोणीतरी येतं हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

दिवस दुसरा, मंगळवार: सिंदखेडराजा

रात्री पाऊस झाला. सकाळी पोहे खाऊन निघालो, आतल्या रस्त्याने सिंदखेडराजा. दोन्ही बाजूंना सोयाबीन, बरंच पिवळं पडलेलं, काही शेतांत पाणी साचलेलं. बाबा प्रत्येक शेताकडे बघत होते.

लखुजी जाधवांचा राजवाडा अगदी रस्त्याला लागून आहे, दरवाजाच इतका उंच की आई मान मागे करून बघतच राहिली. १२ जानेवारी १५९८ ला जिजाऊ इथे जन्मल्या, दर १२ जानेवारीला इथे लाखो लोक येतात, पण त्या मंगळवारी आम्ही चौघं, शाळेची एक सहल आणि झाडणाऱ्या दोन बाया एवढेच. जन्माच्या त्या खोलीत आई चप्पल काढून गेली आणि भिंतीला हात लावून उभी राहिली. काही बोलली नाही. मग बाहेर येऊन शाळेच्या पोरींना तिने विचारलं, "जिजाऊच्या आईचं नाव काय?" एकीलाही आलं नाही, त्यांच्या बाईंना आलं, म्हाळसाबाई. आई खूश.

लखुजींची समाधी पाहायला विसरू नका, बरेच लोक राजवाडा बघून निघून जातात. केवढी मोठी दगडी इमारत आहे, आणि आत थंडगार. १६२९ मध्ये निजामशाहीच्या दरबारात देवगिरीच्या किल्ल्यावर लखुजींना आणि त्यांच्या मुलांना दगा देऊन मारलं. बाप आणि भाऊ एकाच दिवशी गेले, आणि त्याच्या पुढच्या वर्षी शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म. आई हे सगळं त्या पोरींना सांगत होती आणि त्यांच्या बाई पण ऐकत उभ्या होत्या. मी आणि भाऊ लांबून बघत होतो. आम्ही आयुष्यभर आईला ओट्यापाशी नाहीतर शिलाई मशीनवर पाहिलंय, पंधरा पोरी तिच्याभोवती गोल करून ऐकतायत हे पहिल्यांदा पाहिलं.

जालन्याला जेवण, संध्याकाळी छत्रपती संभाजीनगरला मुक्काम. शहरात ट्रॅफिक खूप होतं, लॉजवाल्याने गरम पाणी देतो म्हणून दिलं नाही, त्यावर आणखी लिहीत नाही.

दिवस तिसरा, बुधवार: वेरूळ, बोगदा, मुंबई

सकाळी सहाला निघून वेरूळच्या वाटेवर देवगिरी किल्ला लागला. चढायला वेळ नव्हता, गाडी बाजूला घेऊन पाच मिनिटं उभे राहिलो. काल समाधी, आज जिथे घात झाला तो किल्ला. आईने हात जोडले.

वेरूळला गेटवर पहिल्याच रांगेत आम्ही. ३४ लेणी आहेत, १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन, पण ज्यांच्याकडे तीनच तास आहेत त्यांनी सरळ सोळाव्या लेण्यात जावं. कैलास. राष्ट्रकूटांच्या कृष्ण पहिल्याच्या काळातलं, आठव्या शतकातलं. सगळ्यांना शाळेत शिकवलेलं असतं की आधी कळस मग पाया, पण तिथे चौकात उभं राहून वर बघितल्याशिवाय ते डोक्यात शिरत नाही. शंभर फुटांच्या आसपास उंच भिंत, ती बांधलेली नाही, ती डोंगराची शिल्लक राहिलेली बाजू आहे. छिन्नीचा एक घाव चुकला तर तो दगड परत चिकटवता येत नाही. भाऊ सिव्हिलचा डिप्लोमा केलेला, तो अर्धा तास एकाच कोपऱ्यात उभा राहून पाणी कुठून काढलं असेल ते शोधत होता.

आईला रावण कैलास हलवतोय ते शिल्प दाखवलं, तिच्या वहीत होतंच. पण तिला जास्त ओढ दुसऱ्या गोष्टीची होती. वेरूळ म्हणजे भोसल्यांचं गाव, मालोजीराजांचं. घृष्णेश्वराचं दर्शन घेऊन बाहेर आल्यावर ती म्हणाली, "काल जिजाऊचं माहेर पाह्यलं, आज सासर पाह्यलं. एवढ्या लांबून आली असन पोरगी." सिंदखेडहून इथे यायला आम्हाला गाडीने तीनेक तास लागले असते, तेव्हा मेण्यातून किती दिवस लागले असतील. ती स्वतः अठराव्या वर्षी अंजनगावहून अमरावतीला आली, अंतर काही फार नाही, पण दोन-दोन वर्षं माहेरी जायला मिळायचं नाही. गाडीत बसल्यावर तिने ते पहिल्यांदा आमच्यासमोर सांगितलं. बाबा पुढे बसून ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "मी ड्युटीवरच असायचो." आणि मागे हात करून तिला पाण्याची बाटली दिली.

पुन्हा समृद्धी. वैजापूर, शिर्डी, सिन्नर भराभर मागे पडले, टोलचं म्हणाल तर कारला किलोमीटरमागे दोन रुपयांच्या थोडं वर पडतं, आधी हिशोब करून घ्या म्हणजे फास्टॅगमध्ये पैसे कमी पडत नाहीत. इगतपुरीला धुकं आणि भुरभुर पाऊस. आणि मग बोगदा, जवळजवळ आठ किलोमीटरचा, राज्यातल्या सगळ्यात लांब बोगद्यांपैकी एक. आत दिवे, पंखे, रुंद तीन लेन. बाबांनी नोकरीत कसारा घाट किती वेळा चढला-उतरला असेल त्याला मोजदाद नाही, पावसाळ्यात, रात्री, पुढे ट्रक बंद पडलेला आणि मागे पन्नास माणसं बसलेली. बोगद्यात शिरल्यापासून ते एक अक्षर बोलले नाहीत. पलीकडे उजेडात आल्यावर त्यांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "झाला घाट?" भाऊ म्हणाला झाला बाबा. ते परत म्हणाले, "झाला?" मी तेव्हा गाडी चालवत होते, मला आरशात त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण आवाज वेगळा होता.

आमणेला समृद्धी संपते आणि मुंबईचं ट्रॅफिक सुरू होतं. तिथून भिवंडी, ठाणे, घोडबंदर करत गोरेगावला यायला आम्हाला अख्ख्या इगतपुरी ते आमणेपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला. मावसबहिणीकडे पोचलो तेव्हा नऊ वाजले होते, टीव्हीवर केबीसीच चालू होतं. आई हातपाय न धुताच बसली.

दिवस चौथा, गुरुवार: फिल्म सिटी

आईने पहाटे चारलाच आंघोळ केली. आधीच सांगून ठेवलं होतं की पांढरे कपडे नको, बारीक रेघांचे नको, कॅमेऱ्यात नीट दिसत नाहीत. तिची नेहमीची आवडती साडी बारीक चौकड्यांची, ती ठेवून गडद निळी नेसली. मुख्य म्हणजे शाल घेतली, हे मैत्रिणीच्या भावाने बजावलं होतं, सेटवर एसी फार कडक असतो.

दादासाहेब फाळके चित्रनगरी, १९७७ साली सरकारने उभारलेली, गोरेगाव पूर्वेला आरेच्या जंगलाला आणि नॅशनल पार्कला लागून, पाचशेवर एकर. गेटच्या आत गेल्यावर मुंबई आहे असं वाटतच नाही, डोंगर, झाडी, मधेच एक देऊळ जे देऊळ नाही, एक गाव ज्यात कोणी राहत नाही. बिबट्यापासून सावध राहायच्या पाट्या. बाबा म्हणाले मेळघाटात आल्यासारखं वाटतं.

मग आधार कार्ड, पास, यादीत नाव, बोटभर रुंद पट्टा मनगटाला. मोबाइल, घड्याळं, पर्सेस सगळं पिशवीत घालून टोकन. आईला वही आत नेता येणार नाही म्हणाले. मला वाईट वाटलं, पण आई तयारच होती, तिने टोकनवाल्या मुलीला सांगितलं, "जपून ठेवजो बाई, थे पंचवीस वर्साचं हाय." त्या मुलीने वही वेगळ्या पिशवीत घालून स्वतःच्या टेबलाच्या खणात ठेवली. मी तिला विसरणार नाही.

थांबायला एक मोठा हॉल. चहा, नाश्ता, आणि थांबणं. टीव्हीच्या कामात थांबणं हाच मोठा भाग आहे, एक लाइट सरकवायला अर्धा तास लागतो आणि तो अर्धा तास शंभर माणसं उभी असतात. आमच्याशेजारी बिहारहून एक कुटुंब आलं होतं, त्यांचा मुलगा आत स्पर्धकांमध्ये. त्याच्या आईला काहीच खावेना. आमच्या आईला हिंदी मोडकं येतं पण तिने सांभारवडीचा डबा उघडून तिच्यासमोर धरला आणि त्या दोघी पुढचे दोन तास बोलत होत्या, काय बोलल्या देव जाणे. त्यांच्याकडून कळलं की सुशील कुमार, २०११ ला पाच करोड जिंकलेला, तोही बिहारचाच, मोतिहारीचा. आईने लगेच आपल्याकडचा हर्षवर्धन नवाथे सांगितला, २००० चा, सगळ्यात पहिला करोडपती, मराठी मुलगा. आणि मग अर्थात बबिता ताडे. खिचडी हा शब्द त्या बाईंनाही कळला आणि त्यांनी आईचा हात धरला.

आत सोडलं तेव्हा पहिली गोष्ट जाणवली ती थंडी आणि दुसरी म्हणजे सेट टीव्हीत दिसतो त्याच्यापेक्षा लहान आहे. लहान, पण झगमगाट असा की डोळे दिपतात. पायाखालची जमीनसुद्धा स्क्रीनची, तिच्यावर रंग पळतात. मधोमध ती दोन खुर्च्यांची जागा. हॉट सीट. आई जिन्यावरच थांबली. मागच्या माणसांना पुढे जायचं होतं तरी कोणी काही बोललं नाही, मला वाटतं तिचा चेहरा बघून.

तिथला एक मुलगा कपड्यांच्या रंगांवरून लोकांना इकडून तिकडे बसवत होता. मी आणि भाऊ वर गेलो, बाबा मधे, आणि आईला तिच्या निळ्या साडीमुळे खालून तिसऱ्या रांगेत बसवलं. म्हणजे मी पूर्ण वेळ तिला समोरून बघू शकत होते, आणि खरं सांगते, मी सेट कमी आणि आईच जास्त पाहिली.

आधी टाळ्यांची प्रॅक्टिस. हळू टाळ्या, जोरात टाळ्या, उभं राहून टाळ्या, नुसतं आश्चर्य, नुसतं टेन्शन. हे सगळं वेगळं शूट करून ठेवतात. लांब दांड्यावरचा कॅमेरा डोक्यावरून सूं करून जातो, त्याच्याकडे बघायचं नाही. आणि सगळ्यात कडक सूचना अशी की उत्तर माहीत असलं तरी तोंडातून काढायचं नाही, ओठ सुद्धा हलवायचे नाहीत, खेळणारा समोरून बघू शकतो. ही सूचना आली तेव्हा मी आईकडे बघितलं. पंचवीस वर्षं जी बाई पर्याय यायच्या आधी उत्तर देते तिला ओठ हलवायचे नाहीत. तिने काय केलं, पदर घेतला आणि तोंडावर धरला.

मग दिवे बदलले, ती धून सुरू झाली, आणि अमिताभ बच्चन आले. वय ८० च्या पुढे, आणि पायांत तो वेग. जी धून आपण घरात भांडी घासताना ऐकून बाहेर धावत येतो ती छातीत वाजत होती. "देवियों और सज्जनों" ऐकलं आणि माझ्या अंगावर काटा आला, तिथे प्रत्यक्ष बसल्यावर तो आवाज कानात नाही, बाकड्यातून येतो.

खेळात काय झालं ते तेव्हा कोणाला सांगायचं नव्हतं, भाग दिसेपर्यंत. पण जे टीव्हीवर दिसत नाही ते सांगते. घड्याळ चालू असताना जी शांतता असते ती घरी कधीच मिळत नाही, शंभर-दोनशे माणसं श्वास धरून. ब्रेकमध्ये चार माणसं पळत येतात, कोणी पावडर लावतं, कोणी केबल ओढतं, कोणी खेळणाऱ्याला पाणी देतं, आणि त्या पाण्याचा ग्लास धरलेला हात थरथरताना दिसतो. घरी बसून आपण म्हणतो, एवढं सोपं आलं नाही? मी पण म्हणायचे. आता म्हणणार नाही. तो हात मी पाहिलाय.

आई प्रत्येक प्रश्नाला पदर घट्ट धरायची. उत्तर येत असलं की तिचे डोळे बारीक होतात, हे आम्हा भावंडांना लहानपणापासून माहीत आहे, त्यामुळे मला वरूनच कळत होतं. बारीक, बारीक, बारीक, मग एकदा मोठे झाले, म्हणजे हे नाही आलं. ते वहीत जाणार.

आणि मग खेळणाऱ्याने ऑडियन्स पोल घेतला. आमच्या प्रत्येकाच्या हाताशी बटणं होती. माझा तर गोंधळच झाला, प्रश्न इतिहासाचा, मला अजिबात माहीत नव्हतं, वेळ पळत होता. मी खाली बघितलं. आईने पदर सोडला होता. दोन्ही हात मोकळे. डोळे बारीक. तिने एकदाच बटण दाबलं, आणि हात मांडीवर ठेवला, ताठ बसली. आजवर तिची सगळी उत्तरं स्वयंपाकघरात नाहीतर वहीत राहिली. हे एक कुठेतरी मोजलं गेलं.

भोंपू वाजला, खेळ थांबला, परत टाळ्या. बाहेर आलो तेव्हा अंधार पडला होता आणि पाय गार पडले होते. त्या मुलीने खणातून वही काढून दिली. मी आईला विचारलं, कोणतं बटण दाबलं? तिने मान हलवली. "सांगाचं नाई म्हणून बजावलं हाय नं त्यायनं." भावाने विचारलं, बाबांनी विचारलं. बाबांना पण नाही सांगितलं.

दिवस पाचवा, शुक्रवार: दादर

समुद्र पाहायचा होताच, वरळीला जाऊन आलो, वाटेत दूरदर्शनची इमारत लागली, २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं हे आईनेच सांगितलं. चैत्यभूमीला डोकं टेकवलं. पण आईचं मुख्य काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत होतं. गाडगेबाबा शेंडगावचे, म्हणजे अंजनगाव सुर्जी तालुक्यातलेच. टाटा हॉस्पिटलला गावोगावहून येणारे कॅन्सरचे पेशंट आणि त्यांची माणसं इथे राहतात. आईने अमरावतीहून एक पिशवी भरून आणलेली होती, शिवलेल्या दुपट्यांची, मला डिक्कीत ती काय आहे ते विचारायचंही सुचलं नव्हतं. अकोट बाजूची एक बाई तिथे भेटली, नवऱ्याला घेऊन तीन महिने राहतेय, आपली बोली ऐकून ती रडायलाच लागली. तिथे आम्ही दुपारपर्यंत बसलो. बाकी मुंबई काही बघितली नाही.

दिवस सहावा, शनिवार: परत

एकाच दमात घरी. पहाटे चारला निघालो, बोगदा, सिन्नर, शिर्डी, सगळं उलटं. जालन्याच्या पुढे पेट्रोल पंपावर चहा प्यायला थांबलो तेव्हा बाबा म्हणाले, "मी घेऊ का थोडी?" आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि भावाने चावी दिली. रिटायर झाल्यापासून ते हायवेवर बसले नव्हते. डाव्या लेनमध्ये, ऐंशीच्या वर काटा नाही, दोन्ही हात स्टेअरिंगवर, मेहकरपर्यंत. आई मागून म्हणाली, "तुमच्या बशीत मी कदी बसलीच नाई." खरंच, एकतीस वर्षांत एकदाही नाही. बाबांनी आरसा थोडा खाली केला.

घरी पोचायला दुपारचे अडीच वाजले.

आमचा भाग लागला तो बऱ्याच दिवसांनी. अख्खी गल्ली आमच्या हॉलमध्ये, काकू पण होत्या, ज्यांच्याकडे आम्ही २००० साली बघायला जायचो, आता त्यांना खुर्ची लागते. आई दोनदा दिसली, एकदा टाळ्या वाजवताना आणि एकदा पदर तोंडावर धरलेली. पोरांनी केवढा आरडाओरडा केला. मग तो प्रश्न आला, पोल आला, आणि स्क्रीनवर चार खांब वर चढायला लागले, तीन बुटके आणि एक उंच. बरोबर उत्तराचाच उंच झाला.

आई पुढे सरकली, टीव्हीजवळ गेली, आणि त्या उंच खांबावर बोट ठेवून म्हणाली, "ह्याच्यात मी हावो."